सेकंड हँड मॅन्युअल घेताय? आधी क्लच बघा

फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय १९७६ साली आली ती ४-स्पीड मॅन्युअल गिअरबॉक्स घेऊन. २०२५ मध्ये ती पहिल्यांदा भारतात आली, पण फक्त ७-स्पीड डीएसजीसह (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). नव्या जीटीआयला आता जगात कुठेच क्लच पेडल नाही.

मॅन्युअल गाड्या कमी का होतायत? लोकांनाच मॅन्युअल नको असं सांगतात, पण हे कारण अर्धवट आहे. इंजिन तेच असलं तरी गिअरबॉक्स बदलला की प्रदूषण चाचणी वेगळी करावी लागते, आणि थोड्या गाड्यांसाठी तो खर्च अंगावर येतो. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी या प्रदूषण आणि इंधन वापर मोजणाऱ्या चाचणीत मॅन्युअलचा गिअर कधी बदलायचा हे ठरलेल्या सूत्रावर चालतं. ऑटोमॅटिकमध्ये ते कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवतं, त्यामुळे ते चाचणीला सोयीचं बसवता येतं. टॉर्कचाही (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा) प्रश्न आहेच. सुधारित बीएमडब्ल्यू एम२ मध्ये ऑटोमॅटिकला ६०० एनएम मिळतात, मॅन्युअलला ५५० वरच थांबवलंय. तरी ग्राहकांनी लावून धरलं तर फरक पडतो: पोर्शेने २०१३ ची ९११ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये (त्यांचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) काढली आणि २०१७ मध्ये मॅन्युअल परत आणला.

आपल्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस १.५ टीएसआय ६-स्पीड मॅन्युअलमध्ये आली, ह्युंदाई आय२० एन लाइनलाही २०२३ मध्ये आयएमटी (क्लच पेडल नसलेला मॅन्युअल) काढून क्लच पेडल दिलं. अशा गाड्या आता जपून वापरायच्या. सेकंड हँड घेताना सगळ्यात जास्त वेळ क्लचला द्या.

इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये १,५००-१,८०० आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. रीमॅप केलेल्या (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) टर्बो गाडीत हे बऱ्याचदा दिसतं, कारण वाढलेला टॉर्क बराचसा खालच्या-मधल्या आरपीएमला येतो. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच सोडायची जुनी रीत नको, चांगली क्लच प्लेटही त्यात जळू शकते.

मग न्यूट्रलमध्ये कान द्या. क्लच पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) खराब, सोडल्यावर आली आणि दाबताच थांबली तर बहुधा गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. इंजिन बंद करताना खडखड झाली तर ड्युअल मास फ्लायव्हीलवर (इंजिनाचे धक्के शोषणारी दोन भागांची चकती) संशय घ्या. भाव करताना हा खर्च आधी धरा, कारण तो क्लच सेटपेक्षा जड जातो. गाडी थंड असताना तिसऱ्यातून दुसरा टाकून बघा. खर्र झालं तर बहुधा सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी रिंग) गेलाय.

गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. मजुरी तीच लागते. क्रँकचं मागचं ऑइल सील तेव्हाच बघून घ्या. तिथून गळलेलं तेल नव्या प्लेटवर उडालं की ती पुन्हा स्लिप होते. गिअर ऑइल गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. जीएल-४ ग्रेड सांगितली असेल तिथे मेकॅनिकने जीएल-५ पुढे केलं तर नाही म्हणा, त्यातल्या गंधकाच्या अ‍ॅडिटिव्हने पितळी सिंक्रो रिंग खराब होऊ शकतात.