कुंपणाची छाटणी दुसऱ्याकडून करून घेताना: माझा अनुभव

आमच्याकडे पसारा फार नाही, तीन बाजूंना ड्युरांटाचं कुंपण, कोपऱ्यात जास्वंद, भिंतीवर बोगनवेल आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक मोरपंखी. बरीच वर्षं मीच कात्री घेऊन रविवारी करायचे. मग खांदा धरायला लागला, कुंपण डोक्याच्या वर गेलं, आणि शेवटी म्हटलं बास, आता माणूस बघायचा.

पहिला माणूस मी शोधलाच नाही, तो स्वतःच दारात आला. "मॅडम, झाडं कापायचीत का?" मशीन खांद्यावर, दिवसभराच्या कामाचे पैसे सांगितले, मला वाटलं स्वस्तात सुटलं. मी आत मीटिंगमध्ये, बाहेर घर्रर्र चालू, दोन तासांनी बाहेर आले तर सगळं एका उंचीवर सपाट! कुंपण, जास्वंद, मोरपंखी, सगळ्यांना एकच न्याय. पात्याला धार नव्हती बहुतेक, कारण पानं कापली नव्हती, फाटली होती, आणि दोन दिवसांत सगळ्या कडा तपकिरी पडल्या. वर फाटकात फांद्यांचा हा ढीग. "कचऱ्याचं बोलणं झालं नव्हतं" म्हणाला. आणि खरंच झालं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही तोंड नाही.

जास्वंद, ड्युरांटा परत फुटले, त्यांचं काही नाही. मोरपंखीचं मात्र वाटोळं झालं. एका बाजूने आतल्या तपकिरी लाकडापर्यंत कापली होती आणि तिथे हिरवं काही शिल्लक नसेल तर मोरपंखीला फुटवा येत नाही, हे मला नंतर कळलं. ते भगदाड आजही आहे.

दुसऱ्या वेळेला मग शहाणपणा केला. संध्याकाळी फिरायला जाताना लोकांची कुंपणं बघत सुटले, कुठलं खालपासून भरगच्च आहे ते बघायचं आणि सरळ बेल वाजवून विचारायचं तुमच्याकडे कोण येतं. थोडं ऑकवर्ड होतं पण लोक खुशीत सांगतात, स्वतःच्या बागेचं कौतुक कोणाला नको. दोन घरांतून एकाच माळीकाकांचा नंबर मिळाला. तरी आणखी दोघांना फोन केलाच. एकाने न बघताच फोनवर रेट सांगितला, दुसरा म्हणाला पाऊस असला तरी उरकून टाकू. ओल्या झाडावर कात्री चालवली की कापलेल्या जागेतून बुरशी लागायची भीती असते, एवढं तोवर माझ्या वाचनात आलं होतं, म्हणून त्यालाही नको म्हटलं.

माळीकाका आधी बघायला आले. पैशाचं नंतर, पहिला प्रश्न काय तर "ही जास्वंद कधी भरते?" मग खाली वाकून कुंपणाचे बुंधे दाखवले, खालचा फूटभर भाग पार उघडा. म्हणाले, वरून रुंद नि खाली अरुंद ठेवलंय तुम्ही, खालच्या पानांना ऊनच मिळत नाही, मग पायथा ओका होणारच. खाली पसरट, वर जरा निमुळतं हवं. म्हणजे इतकी वर्षं मीच चुकत होते, मशीनवाल्याच्या नावाने उगाच एवढा शंख केला (तसा थोडा दोष त्याचाही होताच म्हणा).

उंची एका दमात निम्मी करा म्हटलं तर साफ नाही म्हणाले. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही, बाकीचं नवी पालवी धरल्यावर.

काम उक्तं द्यायचं की रोजावर, यावर माझं डोकं बरंच चाललं. रोजावर दिलं तर रेंगाळतील, उक्तं दिलं तर घाई करतील. शेवटी उक्तंच ठरवलं, पण काय काय करायचं ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं: कुठली झाडं, किती उंची, मोरपंखीला हात नाही, कचरा कोण नेणार, पैसे कधी. उंचीसाठी दोन काठ्यांना दोरी बांधून ठेवली, कारण "थोडं" म्हणजे माझं वेगळं आणि त्यांचं वेगळं.

कामाच्या दिवशी मी सुट्टीच घेतली. खाली ताडपत्री अंथरली, तेवढ्यानेच निम्मा कचरा आपोआप गोळा झाला. सिकेटर (फांद्या कापायची हातातली छोटी कात्री) एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना काका स्पिरिटने पुसत होते, रोग पसरू नये म्हणून. कात्री लावण्याआधी कुंपण हाताने चाळलं, तर आत बुलबुलाचं घरटं, अंड्यांसकट! तेवढा हातभर तुकडा तसाच सोडला, महिनाभर आमच्या कुंपणाला शेंडी होती. ती काढायला नंतर आपणहून आले, वेगळे पैसे नाहीत.

वाद झाला तो बोगनवेलीवरून. त्यांनी ती इतकी खाली आणली की मला रडू यायचं बाकी होतं, पण ती फुलते नव्या फुटव्यावर, आणि पुढच्या बहरात पान दिसत नव्हतं एवढी फुलली. जास्वंदही अशीच बसवू म्हणत होते, मी अडवलं. ती आता काठीसारखी उंच वाढलीय, फुलं सगळी शेंड्याला, पूजेला हवी तर स्टूल घ्यावं लागतं. पुढच्या खेपेला तीही त्यांच्या हवाली करणारे.

मोरपंखीचं मात्र ठरत नाहीये. काका म्हणतात काढून टाका नाहीतर पुढे दुसरं काहीतरी लावून झाका. सध्या तरी त्या भगदाडासमोर एक मोठी कुंडी आणून ठेवलीय.