स्टॉकची दुखणी कोबीच्या कुळातली

स्टॉक हे थंडीतले फुलझाड मोहरी, कोबी आणि मुळ्याच्या कुळातले आहे, आणि एवढे ध्यानात ठेवले तर त्याची बहुतेक दुखणी आपल्या ओळखीचीच निघतात. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात थंडीच्या दिवसांत परसात कोबी आणि मुळा असतोच. त्यावरची कीड शेजारच्या स्टॉकवर येणार, हे गृहीत धरूनच मी वाफे आखते.

खरा धोका मात्र किडीच्या आधी आपल्या भारी काळ्या मातीत असतो. परतीचा पाऊस लांबला की ओल धरून बसलेल्या वाफ्यात कोवळी रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात, आणि मोठ्या झाडांची मुळे कुजतात. कोलमडलेले रोप कोणत्याही औषधाने पुन्हा उभे राहत नाही. म्हणून वाफा वीतभर उंच करावा, मातीत वाळू आणि ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळलेले, चांगले कुजलेले शेणखत घालावे, बी विरळ पेरावे आणि पाणी सकाळी बुडाशीच द्यावे. रोपांमध्ये काही रोपे इतरांपेक्षा फिकट दिसतात, ती आजारी समजून उपटू नयेत. अनेक वाणांत दुहेरी पाकळ्यांची फुले त्याच रोपांना येतात.

जानेवारीत आभाळ दोन-तीन दिवस झाकोळून राहिले की मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर दाटतो, आणि वेळीच आवरला नाही तर तुरा वाकडा होतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन निघतो. ढालकिडे दिसत असतील तर मी दुसरे काहीच करत नाही, कारण मावा फस्त करण्याचे काम ते आपल्यापेक्षा चांगले करतात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी अधिक चिवट असते. ही बारीक हिरवी अळी पानाच्या खालच्या बाजूने खाते, वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते, आणि बोट लागताच वळवळत धाग्याला लोंबकळते. रासायनिक औषधांना ती लवकर सरावते. इंडोनेशियातल्या जावा बेटावर 1953 साली डीडीटी या कीटकनाशकालाही ती दाद देईनाशी झाल्याची नोंद आहे. त्यामुळे एकच औषध पुन्हा पुन्हा मारण्यात अर्थ नाही. वाफ्याच्या कडेने मोहरीची ओळ लावली की पतंग अंडी घालायला तिकडे वळतात. मात्र त्या मोहरीवर लक्ष ठेवून किडलेली झाडे वेळीच काढावी लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर वेचून वाळवलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावी.

धुक्याच्या सकाळी पानांवर पिवळे डाग आणि खाली पांढरट बुरशी दिसली तर तो केवडा हा बुरशीसारखा रोग समजावा. तशी पाने खुडून दूर टाकावीत आणि दाटी कमी करावी. पानांवर हिरवे-पिवळे पट्टे येऊन फुलांचा रंग फुटल्यासारखा झाला, तर तो मावा पसरवतो तो विषाणू असतो, आणि ते झाड मुळासकट उपटण्यावाचून इलाज नाही. त्या वाफ्यात पुढच्या हिवाळ्यात स्टॉक, कोबी किंवा मुळा न लावता मेथी किंवा कांदा घ्यावा.