न खपणाऱ्या मालाची मोजदाद

सोमवार

आजपासून माझ्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मालाची मोजणी. वर्षातून एकदा हे करावंच लागतं आणि दरवेळी मी ते होईल तितकं पुढे ढकलते. खण उपसायचे, ट्यूबा मोजायच्या, कागदाचे गठ्ठे चाळायचे आणि मग धाकट्या भावासमोर बसायचं. हिशेब तो बघतो. त्याला चित्रकलेत काडीचाही रस नाही, म्हणूनच तो हिशेब चांगला बघतो.

दुपारपर्यंत त्याने निकाल लावलासुद्धा. दुकान चालतं ते मोजक्या वस्तूंवर: टायटॅनियम व्हाईटच्या मोठ्या ट्यूबा, काळा रंग, स्केचबुकं, मास्किंग टेप, पेन्सिली आणि शाळा-कॉलेजच्या यादीतलं सामान. पांढरा सगळ्यांत जास्त खपतो याचं नवख्यांना नवल वाटतं. पण तैलरंग आणि अ‍ॅक्रिलिकवाले तो जवळजवळ प्रत्येक रंगात मिसळतात. बाकीच्या ट्यूबा टुमटुमीत असतात तेव्हा पांढरी पार पिळून सपाट झालेली असते. जलरंगवाल्यांचा पांढरा म्हणजे कागद. ते या खणाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"आणि हे सगळं?" भावाने मागच्या फडताळाकडे बोट केलं. तिथे एक-एक, दोन-दोन नग असलेला माल आहे. अस्सल कोबाल्ट व्हायोलेटची एक ट्यूब. लिथोग्राफीचे, म्हणजे दगडावर चित्र काढून ते छापणाऱ्यांचे, मेणकट क्रेयॉन. एचिंगच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा ओढून छापचित्र करणाऱ्यांच्या, सुया. सशाच्या कातड्याचा सरस. सोन्याचा वर्ख उचलायला लागतो तो खारीच्या केसांचा चपटा ब्रश.

"ताई, वर्ष वर्ष न हललेल्या मालात पैसे अडकवून कुणी दुकान चालवतं का?"

मी म्हटलं, आधी मोजून तर होऊ दे.

तैलरंग तसा सोशिक माल. झाकण घट्ट असेल तर वर्षानुवर्षं पडून राहिला तरी बिघडत नाही, कारण तो वाळतो हवेतल्या प्राणवायूने, पाणी उडून नव्हे. पिळता येणारी धातूची ट्यूब आली १८४१ साली. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने तिचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत आणि भोक पाडून पिळून काढत. एकदा भोक पडलं की झालं, हवा लागायला सुरुवात. माझ्यासारखीचा धंदा खरं तर त्या ट्यूबेवरच उभा आहे. अ‍ॅक्रिलिकचं मात्र तसं नाही, त्याच्या जुन्या ट्यूबा मी दाबून दाबून बघते.

संध्याकाळी गल्ल्याजवळचं चाचणीचं पॅड हाती आलं. पेन, निब, मार्कर विकत घेण्याआधी लोक त्यावर ओढून बघतात. आधी बहुतेक सगळे सही करतात. मग मळसूत्रासारखी एक गोल गोल रेघ. त्यानंतर डोळा. डोळाच का, कोण जाणे, पण पानापानावर डोळे आहेत, पापण्यांसकट. मध्येच कुणी एक मासा काढला होता, जाड निबने, चार रेघांत. दुसऱ्याने वेगळ्या शाईने त्याला छत्री दिली. तिसऱ्याने छत्रीवर बसलेला कावळा काढला आणि चौथ्याने, याचा हात चांगलाच तयार आहे, कावळ्याच्या चोचीत मासेमारीचा गळ. ही चौघं एकमेकांना भेटलेली असतील असं मला वाटत नाही.

पॅडची यादीत किंमत लावायची का, असं भावाने विचारलं. तो विनोद करत नव्हता.

मंगळवार

पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी आली. मोबाईलमध्ये चोवीस रंगांच्या पेटीचा फोटो.

"काकू, ही पेटी आहे का?"

आहे. पण मी तिला आधी ट्यूबेची मागची बाजू वाचायला लावली. पुढे असतं ते बारशाचं नाव, मनाला येईल ते ठेवतात. मागे बारीक अक्षरात असतो रंगद्रव्याचा क्रमांक, आणि खरी ओळख तीच. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन. पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, आणि तो वेगवेगळ्या कंपन्यांकडे वेगवेगळ्या नावांनी नांदतो. नावापुढे 'ह्यू' असेल तर समजायचं की मूळ रंगद्रव्य यात नाही, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुणीतरी आहे. 'कॅडमियम रेड ह्यू'मध्ये कॅडमियम नसतं. त्यात फसवणूक काही नाही; कॅडमियम महाग आणि विषारी आहे, पर्याय पुष्कळदा चांगलेही असतात. फक्त आपण काय घेतोय ते ठाऊक हवं.

चोवीसच्या पेटीत बऱ्याच ट्यूबा दोन-तीन द्रव्यांची मिश्रणं असतात. तीच मिश्रणं तर तिने पॅलेटवर करायला शिकायची आहेत. म्हणून सहा ट्यूबा काढून दिल्या: दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, प्रत्येकातला एक उष्ण आणि एक थंड. जांभळा हवा तर अल्ट्रामरीनमध्ये पीव्ही १९ हा गुलाबीकडे झुकणारा लाल घाल, स्वच्छ येईल. नारिंगीकडे झुकणारा लाल घातलास तर चिखल. चिखलही लागतो, पण तो आपण ठरवून केलेला असावा.

भावाने मान हलवली. चोवीसच्या जागी सहा! पण या सहा वरच्या प्रतीच्या होत्या, आणि त्या संपल्या की एकेक सुटी ट्यूब घ्यायला ती इथेच येणार. पेटी संपली की पेटीच येते, आणि ती कुठूनही येते.

जाताना तिने काचेवरची पट्टी पाहिली. दर्शनी काचेला आतून मी रंगांच्या पट्ट्या चिकटवून ठेवते. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याखाली झाकलेला, अर्धा उन्हात. पुठ्ठा उचलून दाखवला. अल्ट्रामरीनच्या दोन्ही बाजू सारख्याच. शेजारी अलिझरिन क्रिमसन हा लाल, पीआर ८३: झाकलेला भाग पिकल्या जांभळासारखा गडद, उघडा भाग धुऊन विटलेल्या कापडासारखा. मधली रेघ पट्टीने आखावी इतकी सरळ. तिने नख लावून बघितलं, वरून काही खरवडलंय का म्हणून.

व्हॅन गॉगने १८८८ साली आपली झोपायची खोली रंगवली तेव्हा पत्रात भिंती फिक्या जांभळ्या असल्याचं लिहिलं. आज चित्रात त्या निळ्या दिसतात. जांभळ्यातला लाल उडाला, निळा उरला. हे सांगितल्यावर तिने लाल ट्यूब परत उलटी करून मागचा क्रमांक वाचला. माझं काम झालं.

बुधवार

वितरकाचा फोन. आणखी एक रंग बंद. कारण नेहमीचंच: द्रव्य बनवणाऱ्या कारखान्याने उत्पादन थांबवलं. चित्रकारांना वाटतं रंग त्यांच्यासाठी बनतात. रंगद्रव्यं बनतात मोटारींसाठी, प्लॅस्टिकसाठी, छपाईच्या शाईसाठी. आपल्या वाट्याला येतो तो चुरा. क्विनाक्रिडोन गोल्ड, पीओ ४९, असाच गेला. गाड्यांना तो सोनेरी-तपकिरी रंग नकोसा झाला आणि जगभरच्या जलरंगवाल्यांच्या पेटीत खड्डा पडला. आता त्या नावाने मिळतं ते मिश्रण.

एका निवृत्त जलरंगकाराला फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती शिल्लक आहेत?" सगळ्या बाजूला काढून ठेवल्या.

गुरुवार

गुरुवारची बैठक. दुकान बंद केल्यावर कागद कापायचं टेबल भिंतीला सरकवतो आणि कोण येईल तो बसतो. मॉडेल बाहेरून आणत नाही. आळीपाळीने एकाने बसायचं, बाकीच्यांनी काढायचं. न विचारता दुसऱ्याच्या चित्रावर बोलायचं नाही, हा एक नियम. दुसरा तैलरंगवाल्यांसाठी: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कचऱ्यात टाकायच्या नाहीत. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्याच्या आत ती साठून चिंधी आपोआप पेटू शकते. पाणी भरलेला, झाकणाचा पत्र्याचा डबा दाराशी ठेवलाय. नव्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते, जुने निमूट डबा उघडतात.

आज बसायची पाळी होती पूर्वी यंत्रांची ड्रॉइंगं करणाऱ्या एका आजोबांची. बसले ते असे, जणू स्वतःचंच मोजमाप देताहेत. एक शाळकरी मुलगा फक्त त्यांचे कानच काढत राहिला, पानभर कान. आजोबांनी नंतर ते पान मागून घेतलं.

या बैठकीत खप किती? भावाने विचारलंच. एखादी पेन्सिल, एखादा खोडरबर. शिवाय कोपऱ्यात खोकं असतं, त्यात लोक आपल्याला न मानवलेले रंग टाकतात आणि दुसरे उचलून नेतात. म्हणजे मी विकू शकले असते त्या ट्यूबा माझ्याच दुकानात फुकट हिंडतात. हे त्याला सांगितलं नाही.

त्याऐवजी तांगीची गोष्ट सांगितली. ज्युलियें तांगी, पॅरिसमधला रंगविक्या. दुकान एवढंसं. चित्रकार कडके, म्हणून तो रंग-कॅनव्हासच्या बदल्यात चित्रं ठेवून घ्यायचा. सेझान या चित्रकाराची चित्रं पॅरिसमध्ये कितीतरी वर्षं जवळपास त्याच्याच दुकानात बघायला मिळत. तरुण चित्रकार ती बघायला तिथे जात. व्हॅन गॉगने १८८७ साली त्याला जपानी छापचित्रांपुढे बसवून रंगवलं, हात पोटाशी गुंफलेले, टोपी घातलेला, एखाद्या सज्जन शेतकऱ्यासारखा.

"मग श्रीमंत झाला असेल."

नाही झाला. १८९४ साली वारला तेव्हा बायकोच्या हाती फारसं काही नव्हतं. तिच्या मदतीसाठी लिलाव केला, त्यात सेझान किरकोळ भावात गेले.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू उधारी देत नाहीस ना?"

देत नाही. तांगीबद्दल मला माया आहे, पण त्याचा गल्ला माझ्यासमोर कुणी आदर्श म्हणून ठेवू नये. कलेच्या नावाखाली दुकानदाराने मरावं ही अपेक्षा मला भाबडी वाटते, आणि ती धरणारे बहुतेक वेळा सवलत मागणारे असतात.

शुक्रवार

एक गृहस्थ आले, दोन ब्रश ओले करून बघितले, टोक कसं जुळतं ते माझ्याकडून समजून घेतलं, लेबलचा फोटो काढला आणि गेले. घरी जाऊन मागवतील. पूर्वी मला याचा संताप यायचा. आता त्यांना मी कागदाकडे नेते, कारण कागद फोटोत मावत नाही.

तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, सुती कागद कोपऱ्याला धरून हलवला की जड, कोरडा आवाज देतो. दोनशेचा नुसता फडफडतो, आणि भरपूर पाणी टाकलं की त्याच्या लाटा होतात. सहाशे चाळीसचा तर ताणून न बसवताही सपाट राहतो. सायझिंग, म्हणजे कागदाने पाणी लगेच पिऊ नये म्हणून त्याला दिलेला सरस, कळायला जुने लोक कोपरा जिभेला लावतात. जीभ चिकटली तर कागद पाणी पिणारा, रंग वर थांबणार नाही. (माझ्या नमुन्याच्या तुकड्यांना लावा, विकायच्या तावांना नको.)

आणि मी एक ताव देते. अर्धा देते. पावसुद्धा. पूर्ण ताव बावीस बाय तीस इंचांचा. त्याची घडी घालून, नखाने दाबून, स्टीलच्या पट्टीला टेकवून फाडायचा. कात्री नाही, कटर नाही. मग फाटलेली कडही तावाच्या मूळ दातेरी कडेसारखी दिसते. एक निब, एक पेस्टलची कांडी, कागदाचा पाव ताव: हा सुटा धंदा डोकेदुखीचा आहे. सुट्या कांड्या तुटतात, तुकडे उरतात, हिशेब लागत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा सुती कागदावर रंग सोडणाऱ्याला वीस तावांचा गठ्ठा घ्या म्हणणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं.

मागच्या फडताळाचंही तेच आहे, आणि आज ते भावाला नीट सांगता आलं. एचिंगची सुई खपत नाही. पण ती शोधत आलेला माणूस सुईबरोबर शाई घेतो, कागद घेतो, आणि मुख्य म्हणजे पुन्हा येतो, कारण जिथे सुई मिळते तिथे एचिंग जाणणारं कुणी भेटेल असा त्याचा हिशेब असतो. गुरुवारच्या बैठकीतले निम्मे लोक असल्याच एखाद्या न खपणाऱ्या वस्तूच्या मागे इथे आलेत. पांढऱ्या रंगासाठी आलेलं गिऱ्हाईक पांढरा घेऊन जातं. त्याने दुकानाचं भाडं निघतं, त्याचा मान आहेच, पण तो रंग कुठेही मिळतो.

भाऊ म्हणाला, "हे आधी बोलली असतीस तर सोमवारीच काम उरकलं असतं."

शनिवार

याद्या घेऊन पुन्हा बसलो. काहीतरी कमी करायला हवं होतंच, जागा आणि पैसे दोन्ही अडलेत. पण त्याने लाल खूण केली होती ती एक-एक नगांवर. मी बोट ठेवलं दुसरीकडे: तीन कंपन्यांच्या विद्यार्थी प्रतीच्या रंगमालिका, जवळजवळ तेच क्रमांक, तीन खण अडवून बसलेल्या. पीबी १५ माझ्याकडे कितीतरी नावांनी पडलाय. त्यातली एक मालिका पूर्ण बंद, दुसरीतले मिश्ररंग बंद. रिकाम्या खणात सुटे ताव आडवे ठेवता येतील. आत्ता ते उभे राहून कोपरे दुमडताहेत.

त्याने आकडेमोड केली, दोनदा केली. मोकळी होणारी रक्कम मागच्या सगळ्या फडताळात अडकलेल्या रकमेपेक्षा जास्त निघाली. हे त्याला आवडलं नाही, कारण मुद्दा माझा होता.

लिथोच्या क्रेयॉनपुढे मात्र त्याने अजून प्रश्नचिन्ह ठेवलंय. एकच बाई ते नेते, तेही केव्हातरी. मी म्हटलं, डबा संपत आलाय, वितरकाच्या यादीत नवा टाक. आणि टायटॅनियम व्हाईट दुप्पट मागव, कॉलेजच्या परीक्षा आल्या.