मेणवलीचा घाट आणि आपला कॅमेरा

वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटरवर आहे. नाना फडणवीसांचा वाडा पाहून खाली उतरलं की कृष्णेचा अर्धचंद्राकृती घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि शेजारच्या देवळीत टांगलेली भलीमोठी घंटा दिसते. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक. सिनेमांची शूटिंग इथे इतकी झाली आहेत की गावाला कॅमेऱ्याचं अप्रूप राहिलेलं नाही. त्यामुळे इथल्या माणसांचीही काही हरकत नसणार, असं येणारे धरूनच चालतात.

सकाळी खालच्या पायऱ्यांवर काही बायका वाकळा धूत होत्या. वर मोठ्या लेन्स लावून दोघंजण त्यांचे फोटो काढत होते. मी खाली जाऊन विचारलं, "काकू, एक फोटो काढू का?"

"काढा की. पन तोंड नगं. मागं एकानं काढल्याला, त्यो फिरत फिरत जावयाच्या मोबाइलवर आला. भिजल्याल्या लुगड्यात हुबी मी. पोरीनं फोन करून इचारलं, आई, ह्यो कुनी काढला?"

मग मी वाकळ पिळणाऱ्या हातांचा फोटो काढून त्यांना दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून नीट पाहिला. दुसऱ्या फोटोत मागे त्यांच्या जावेचा चेहरा आला होता. "ती न्हाई म्हनंल," म्हणाल्या. तो तिथेच डिलीट केला.

सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. जिथे आपल्याला कुणी पाहत नाही असं बाई गृहीत धरते, तिथला तिचा खासगी अवस्थेतला फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. उघड्या घाटावर धुणं धुणारी बाई त्यात बसत नाही. म्हणूनच विचारायची जबाबदारी आपल्यावर येते. गावातल्या नजरा तिच्या ओळखीच्या असतात, जावयाच्या मोबाइलवर पोचणं तिने कधी कबूल केलेलं नसतं. फोटो काढू का आणि इंटरनेटवर टाकू का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारायला हवेत. विचारलं की नैसर्गिकपणा जातो, असं फोटोग्राफर मित्र म्हणतात. गेला तर जाऊ दे. थोडा वेळ शेजारी बसलं की माणसं पुन्हा आपल्या कामाला लागतातच.

वाईजवळच बावधनला रंगपंचमीला बगाड निघतं, म्हणजे नवसाच्या माणसाला, बगाड्याला, गाड्यावरच्या उंच लाकडाला टांगून मिरवत नेतात. तिथे हजारोंच्या साक्षीने नवस फेडला जातो आणि बगाड्याचे फोटो गावकरीच हौसेने काढतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण अशा जत्रांच्या गर्दीत अंगात आलेल्या बाईच्या तोंडाशी मोबाइल नेणारे पाहिले की चीड येते. तिला त्या वेळी हो-नाही म्हणायचं भान नसतं, त्यामुळे असा फोटो माझ्या लेखी चोरून काढलेलाच. अशा वेळी मी कॅमेरा बंद ठेवतो आणि शेजारच्यालाही ठेवायला सांगतो. काहीजण ऐकतात.