आडनाव काय सांगू?

लेकीकडे अटलांटाला तीन महिने राहिले. त्यात न्यूयॉर्क झालं, नायगारा झाला, वॉशिंग्टन डीसीत पाय सुजेपर्यंत हिंडून झालं. त्या सगळ्याचे फोटो आहेत आणि सांगण्यासारखं फारसं काही नाही. रांगा, गर्दी आणि महागडं पाणी. लिहायला बसले आहे ती टस्कीगीसाठी.

"आई, तिथे बघायला काय आहे?" असं जावयांनी विचारलं होतं. त्यांचं चुकलं नाही, अटलांटाहून अलाबामातल्या त्या लहानशा गावी मुद्दाम कोणी जात नाही. पण मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे आणि कार्व्हरचं मराठीतलं चरित्र कितीतरी वर्गांना मोठ्याने वाचून दाखवलं आहे. गुलामाचा पोर, भुईमुगाचा शास्त्रज्ञ, टस्कीगीचा मास्तर. त्याच्या गावापासून दोन तासांवर असूनही न जाता परत येणं मला जमलं नसतं.

जॉर्जिया संपून अलाबामा लागलं की घड्याळ तासभर मागे जातं. त्यामुळे निघालो त्या मानाने फार लवकर पोचलो. विद्यापीठाचं आवार शांत, झाडं मोठी, आणि जिकडे पाहावं तिकडे लाल विटांच्या इमारती. या विटांसाठीच मी एका भिंतीपाशी बराच वेळ थांबले. ४ जुलै १८८१ ला पंचविशीतल्या बुकर टी. वॉशिंग्टनने या विद्यापीठाची मूळ शाळा इथे सुरू केली तेव्हा त्याच्याकडे इमारत नव्हती. सरकारने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले होते, पण फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. शेवटी मुलांनी स्वतःच विटा पाडायच्या असं ठरलं. तीन भट्ट्या एकामागून एक वाया गेल्या. चौथ्या भट्टीला पैसे नव्हते, म्हणून हा हेडमास्तर माँटगोमेरीला गेला आणि स्वतःचं घड्याळ गहाण ठेवून १५ डॉलर घेऊन आला. चौथी भट्टी साधली, पण घड्याळ सोडवण्याची मुदत टळली आणि ते कायमचं गेलं. मी त्या भिंतीला हात लावला. विटा एकसारख्या नाहीत, काही काळपट भाजलेल्या, काहींच्या कडा बसक्या. आमच्या शाळेच्या नव्या खोलीसाठी गावाकडून वर्गणी मागत मी दारोदार फिरले आहे. गहाण टाकलेल्या घड्याळाची किंमत मला कळते.

'द ओक्स' हे बुकरचं घरही विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांचंच, १८९९ चं. त्याचा आराखडा काढणारे रॉबर्ट टेलर हे एमआयटीतून पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सांगते. बुकरचं लहानपण मी पूर्वी वाचलं होतं, पण डोक्यात होता तो कार्व्हरच, बुकर म्हणजे त्याला बोलावून घेणारा मोठा माणूस, एवढंच. इथे आल्यावर मात्र बुकर समोर उभा राहिला. व्हर्जिनियात १८५६ साली गुलामीत जन्म. सुटका झाल्यावर आई त्याला वेस्ट व्हर्जिनियात घेऊन गेली, तिथे सावत्र बाप मिठागरात कामाला होता. पोराने ओळखलेलं पहिलं अक्षर म्हणजे अक्षर नव्हेच, १८ हा आकडा. बापाच्या पिंपांवर तो मारलेला असायचा. पहाटेपासून नऊपर्यंत मिठाच्या कामावर, मग शाळा. शाळेत हजेरी सुरू झाली आणि त्याच्या लक्षात आलं की बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं आहेत, काहींना तीन. त्याला एकच, बुकर. आपली पाळी येणार, मास्तर विचारणार. पाळी येईपर्यंत त्याने मनाशी ठरवलं आणि जन्मभर तेच नाव असल्यासारखं शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन.

आपण जन्मलो तेव्हा आईने आपल्याला टॉलिव्हर असंही एक नाव दिलं होतं, हे त्याला नंतर कळलं. लिहिताना ते टॅलिआफेरो असं लिहितात. नावातला 'टी' तो.

सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, वॉशिंग्टन फर्ग्युसन. शिवाय अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष होताच. त्या जॉर्ज वॉशिंग्टनला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, आणि १७९९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मालकीचे १२३ गुलाम होते, ज्यांना मृत्युपत्राने मुक्त करायचं त्याने लिहून ठेवलं होतं. आज मात्र ते आडनाव गोऱ्यांचं राहिलेलंच नाही. २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसं होती आणि त्यांतली ९० टक्के कृष्णवर्णीय. कोणी ते सुटकेनंतर निवडलं, कोणाला वारशाने आलं. मुक्त झाल्या झाल्या मालकाचं नाव टाकून आपलं नाव घ्यायचं, ही त्या लोकांची पहिली मोकळीक होती. आम्हाला शाळेत शिकवलं गेलं की जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. मीही तसंच शिकवलं. पण सुटलेल्या त्या माणसांना दुसऱ्या दिवशी शाळेत नाव विचारलं असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

मी बत्तीस वर्षं हजेरी घेतली. बुकरची ती गोष्ट पुन्हा आठवली आणि माझ्या छातीत धस्स झालं, कारण तो मुलगा माझ्या वर्गात बसलेला होता.

गावाबाहेर पालं पडली होती, तिथला आठ वर्षांचा पोरगा बाप शाळेत घेऊन आला. प्रवेशाच्या रजिस्टरात तीन रकाने, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बाप म्हणाला, "आडनाव न्हाई बाई." हेडमास्तर पलीकडून म्हणाले, जमातीचं नाव टाका. मी टाकलं. निळ्या शाईने, माझ्या वळणदार अक्षरात, ज्याचं गावात कौतुक होतं. पोरगा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून माझ्या पेनकडे बघत होता. त्याला मी काही विचारलं नाही. पुढे चार वर्षं रोज सकाळी मी ते नाव मोठ्याने पुकारलं आणि रोज सकाळी मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

दुपारी आवारातल्या एका झाडाखाली बसून आम्ही पोळी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. गावात जेवायची धड सोय सापडली नाही, पण घरचा डबा होता म्हणून बरं. कार्व्हरच्या अंगणात शेंगदाण्याची चटणी खायची हे मी महिनाभर आधीच ठरवलं होतं.

कार्व्हर इथे १८९६ मध्ये आला, बुकरच्या बोलावण्यावरून, आणि १९४३ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याच्या नावाचीही तीच गत. मिसुरीत मोझेस कार्व्हर नावाच्या माणसाच्या मालकीचा म्हणून तो 'कार्व्हरचा जॉर्ज'. तान्हा असताना त्याला आणि आईला पळवून नेलं, पोर एका घोड्याच्या बदल्यात परत मिळालं, आई कधीच सापडली नाही. पुढे 'कार्व्हरचा जॉर्ज' उलटून जॉर्ज कार्व्हर झाला. कॅन्ससमधल्या एका गावात त्याच नावाचा दुसरा माणूस निघाला, पत्रांची अदलाबदल होऊ लागली, म्हणून याने मध्ये 'डब्ल्यू' घातला. नुसतं अक्षर. हे वॉशिंग्टनचं का, असं कोणीतरी विचारलं, तर का नको, म्हणाला. पत्रं नीट मिळावीत म्हणून घेतलेलं अक्षर, आणि जगात तो त्याच नावाने ओळखला गेला. वर्गाला हे वाचून दाखवताना मुलं हसायची, मीही हसायचे.

चॅपलजवळ दोघांच्या समाध्या आहेत. बुकर १९१५ मध्ये गेला, कार्व्हर त्याच्या शेजारी. कार्व्हरच्या दगडावर लिहिलं आहे की कीर्तीच्या जोडीला त्याला संपत्तीही मिळवता आली असती, पण दोन्हींची पर्वा न करता जगाच्या उपयोगी पडण्यात त्याने सुख मानलं. लेकीने ते वाचून दाखवलं. मी नावंच वाचत राहिले. ऊन चांगलंच चढलं होतं आणि लेक दोनदा म्हणाली, आई, चल आता.

परतीच्या वाटेवर घड्याळ पुन्हा तासभर पुढे गेलं. गाडीत मी गप्प होते, लेकीला वाटलं दमले. मला तो मुलगा दहावीनंतर दाखल्यासाठी आला होता ते आठवत होतं. उंच झाला होता, मिसरूड फुटलं होतं. म्हणाला, "बाई, आज्याचं नाव आडनाव म्हणून लावायचं होतं." तोवर हेडमास्तर बदलले होते. नव्यांनी मान वर न करता सांगितलं की मूळ रजिस्टरात खाडाखोड होत नाही, प्रतिज्ञापत्र लागतं, राजपत्रात यावं लागतं. ते खरंच होतं. पण प्रतिज्ञापत्र कुठे करायचं, कोणते कागद जोडायचे, कोणाला भेटायचं, हे मला माहीत होतं, माझ्या लग्नानंतर मीच ते सगळं केलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात घंटा झाली आणि मी खडू घेऊन वर्गावर गेले.