खडकी वॉर सिमेट्री: नाव इथे, कबर भलतीकडे

खडकीच्या वॉर सिमेट्रीत, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या दफनभूमीत, कबरींच्या आणि नावांच्या नोंदी करायला निघाला असाल तर पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘वॉर मेमोरियल’ सांगू नका. तो घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर सोडतो आणि तिथून खडकीचं भाडं मीटर न टाकता मागतो. ‘मुळा रोड, होळकर पुलाजवळची सिमेट्री’ असं सांगा. शोध ‘किर्की’ नावाने करा, कागदोपत्री तेच आहे.

आत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. निगा उत्तम. प्लॉट, रांग, क्रमांक टिपा आणि पुढे चला.

डोकं फिरवतं ते पहिल्या महायुद्धाचं स्मारक. त्यावर अठराशेहून जास्त नावं आहेत. ही माणसं भारत-पाकिस्तानातल्या छावण्यांच्या आणि गावांच्या दफनभूमींत पुरलेली. तिथल्या कबरी सांभाळणं शक्य राहिलं नाही, म्हणून नावं इथे आली. पण त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२मध्ये मुंबईच्या शिवडीहून खरोखरच इथे आणले. म्हणजे यादीतले काही इथल्या मातीत, बाकीचे दुसरीकडे, काही तर शेकडो मैल लांब. नुसतं नाव वाचून हे ठरवता येत नाही. सगळ्यांपुढे सरसकट ‘खडकीत दफन’ लिहिणाऱ्या याद्या सरळ बाजूला ठेवा. लांबून आलेल्या नातेवाइकांना त्या भलत्याच जागी फूल वाहायला लावतात.

वहीत तीन रकाने हवेतच: स्मरण कुठे, मूळ दफन कुठे, आज अवशेष कुठे. तिसरा पुराव्याशिवाय भरायचा नाही. मूळ दफनासाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या जुन्या खात्याच्या, दफननोंदी पाहा. मुंबई इलाख्याची मालिका एन/३. तिथे वय, हुद्दा आणि पुष्कळदा मृत्यूचं कारणही मिळतं. माणूस कळायला लागतो तो इथून. सेवा क्रमांक नेहमी पलटणीसकट लिहा, तोच आकडा दुसऱ्या पलटणीतही निघतो.

फोटोला ऊन तिरपं हवं. पूर्वेकडे तोंड असलेला दगड सकाळी सपाट दिसतो, दुपारी बाराच्या आसपास अक्षरं उठून येतात. सावलीतल्या दगडावर कडेने आरशाचा कवडसा टाका. खडू, पीठ, दाढीचा फेस अजिबात नको. पिठावर बुरशी धरते, फेसातलं आम्ल दगडात मुरतं.

मराठा पलटणीतला पणजोबा शोधायला मात्र इथे येऊ नका. परदेशी पडलेल्यांची नावं तिकडच्याच स्मारकांवर आहेत. पळसगावचे यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, १० जुलै १९४४ला इटलीत पडले; त्यांचं नाव तिथल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर तर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या घातली. हा अन्याय आहे आणि तो नोंदीत लिहायलाच हवा. ती नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा. आडनाव रोमनमध्ये वेगवेगळं लिहून बघा, ‘जाधव’च्या शेवटी ‘व्ही’ऐवजी ‘ओ’सुद्धा. तरीही नाही सापडलं तर त्याच वेबसाइटच्या शोधातल्या ‘जास्तीची माहिती’ (ॲडिशनल इन्फर्मेशन) या रकान्यात गाव, तालुका आणि वडिलांचं नाव टाकून शोधा.