प्रोसेसरचा ड्रायव्हर २००९ चा? असू दे!

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या हार्डवेअरच्या यादीत) 'प्रोसेसर्स' उघडलं की माझ्या डेस्कटॉपवर एकाच नावाच्या बारा ओळी दिसतात. चिप एकच, इंटेलची आय५-१०४००. तिला सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आणि विंडोज प्रत्येक थ्रेड वेगळा मोजतं. कुठल्याही ओळीच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला ती चिप चालवू देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, तारीख एकच: २१ एप्रिल २००९. ही चिप बाजारात आली २०२० साली!

नेमकी हीच तारीख लाल अक्षरांत दाखवून एक फुकटातलं 'ड्रायव्हर अपडेटर' पैसे मागत होतं. मी दिले नाहीत, कारण तारखेच्या खालीच व्हर्जन होतं आणि ते १०.० ने सुरू होत होतं, म्हणजे विंडोजसोबतच आलेलं. मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या ड्रायव्हरवर मुद्दाम जुनी तारीख ठेवतं, म्हणजे उत्पादकाचा ड्रायव्हर आला की तो आपोआप वरचढ ठरतो. इंटेलची तर कमालच. त्यांच्या चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या सहायक चिपच्या) ड्रायव्हर फायलींवर १८ जुलै १९६८ छापलेलं असतं, कंपनी स्थापन झाली तो दिवस!

या ड्रायव्हरचं काम वीज वाचवण्याचं. कोअरला कधी झोपवायचं, वेग कधी चढवायचा, एवढंच. त्यात बदल झालाच तर तो विंडोज अपडेटमधून येतो, वेगळा शोधत बसायची गरज नाही.

खरी दुरुस्ती असते मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर-मेल्टडाउन, ऑगस्ट २०२३ मध्ये डाउनफॉल, असे दोष खुद्द चिपमध्ये निघाले. मायक्रोकोडची दुरुस्ती चिपमध्ये कायमची राहत नाही, दर वेळी मशीन सुरू होताना ती नव्याने चढवावी लागते. ते काम बायोस (मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) करतं, नाहीतर विंडोज. माझं बायोस जुनंच होतं (सिस्टम इन्फॉर्मेशनमध्ये तारीख दिसते), म्हणून तेच अपडेट करायचं ठरवलं.

कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन दोन्ही टिपून घेतलं. रिव्हिजन चुकलं तर फाइलही चुकीची येते. मग उत्पादकाच्या सपोर्ट पानावरून फाइल उतरवली आणि एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर टाकली. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) आधी 'सस्पेंड' केलं, म्हणजे तात्पुरतं थांबवलं. ते राहिलं तर पुढच्या वेळी मशीन रिकव्हरी की मागत बसतं. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, त्यामुळे यूपीएस चार्ज करून रात्री बसलो. डिलीट दाबून बायोसमध्ये, फ्लॅशचा (नवं बायोस चढवण्याचा) पर्याय, फाइल निवडली आणि टक्के पुढे सरकेपर्यंत कीबोर्डपासून हात लांब ठेवले. हे चालू असताना लाइट गेली तर बोर्डच हातचा जाऊ शकतो.

मशीन परत उठलं तेव्हा बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या होत्या: रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद, बूटचा क्रमही बदललेला. ते नीट करून बिटलॉकर परत चालू केलं.

दादाकडे एएमडी रायझन आहे. तिथे चिपसेटचं पॅकेज एएमडीच्या साइटवरून अधूनमधून घालणं खरंच उपयोगाचं, कारण वीज व्यवस्थापनाचे काही ड्रायव्हर त्यातच येतात. दिवाळीला गेलो की ते करून देणार आहे, आणि त्याच्या मशीनवरचं ते 'अपडेटर' पहिल्यांदा काढून टाकणार आहे.